लाल इंजेक्शनाच्या अलीकडे-पलीकडे

पायातली चप्पल चालता चालता निसटते, मागे पडते आणि माणूस तसाच पुढे जातो. चार पावलांनंतर कुणीतरी हाक मारतं, "अहो काका, चप्पल राहिली!" तेव्हा कुठे त्याला कळतं. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे. ती सांगणाऱ्या माणसाला जरा बोलतं केलं की तो आणखीही सांगतो. तळपायांना मुंग्या येतात. गादीवर चालल्यासारखं वाटतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. वीज गेली की भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही. पाय या क्षणी कुठे टेकला आहे, ही खबर मेंदूपर्यंत नेणारे मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे तंतू क्षीण झालेले असतात. उजेड असतो तोवर डोळे ती उणीव भरून काढतात. डोळे मिटले की ती उघडी पडते.

मधुमेहात असं होतं, दारूनं होतं, मणक्याच्या दुखण्यातही होतं. पण आपल्याकडे सर्वांत आधी शोधावं असं एक कारण आहे, कारण ते सर्रास आढळतं आणि वेळेवर सापडलं तर पूर्ण बरं होतं. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. लोक त्याला 'बी ट्वेल्व' म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

या द्रव्याची गरज किती? प्रौढ माणसाला रोज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाची सगळ्या जन्माची गरज एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. एवढ्याशा गोष्टीवाचून रक्ताच्या पेशी नीट बनत नाहीत, मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, विसरभोळेपणा वाढतो, स्वभाव चिडका किंवा उदास होतो, आणि अंगावर पिणारं बाळ हसायचं थांबतं. आणि या सगळ्याला आपण एकच नाव देऊन मोकळे होतो: अशक्तपणा.

अशक्तपणाचं औषधही ठरलेलं आहे. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही दवाखान्यात सकाळी तासभर बसून पाहावं. दोन-चार पेशंटांमागे एकजण तरी 'ताकदीची सुई' मागायला आलेला असतो. काचेच्या छोट्या बाटलीतलं ते औषध लालभडक असतं, आणि लाल औषध म्हणजे रक्त वाढवणारं, अशी पक्की समजूत असते. ती सुई पुष्कळदा बी ट्वेल्वचीच असते. म्हणजे औषध बरोबर असतं, पण ते कशासाठी दिलं, किती दिवस द्यायचं, कमतरता झाली कशामुळे, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. दोन सुयांनी तरतरी येते, माणूस शेतावर किंवा दुकानावर परततो आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा दारात उभा राहतो.

अशाच एका दवाखान्यात मी बसले होते. चाळिशीच्या एक बाई आल्या. दोन वर्षांपासून दम लागतो, पायऱ्या चढवत नाहीत. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या त्यांनी नेमानं खाल्ल्या होत्या, तरी हिमोग्लोबिन नऊच्या वर जायला तयार नव्हतं. डॉक्टरांनी आधी जीभ दाखवायला सांगितली. ती लालसर आणि गुळगुळीत होती, वरचे बारीक उंचवटे झिजून गेल्यासारखे. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. बोटांच्या पेरांवरची कातडी बाकी हातापेक्षा स्पष्ट काळी दिसत होती. बाईंना वाटत होतं, ते भांड्यांच्या साबणानं झालं. डॉक्टरांनी रक्तपेशींच्या तपासणीचा, म्हणजे सीबीसीचा, जुना कागद उघडला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: एमसीव्ही १०८. दोन वर्षं तो कागद पिशवीत होता. त्यावरचं हिमोग्लोबिन सगळ्यांनी वाचलं होतं, ही ओळ कुणी वाचली नव्हती.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० असलं की ठीक. लोह कमी पडलं की पेशी बारक्या होतात, आकडा खाली येतो. बी ट्वेल्व किंवा फोलेट (म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड) कमी पडलं की पेशी वेळेवर विभागत नाहीत, फुगून मोठ्या होतात आणि आकडा शंभरच्या वर जातो. 'रक्त कमी आहे' या तीन शब्दांत हे दोन्ही आजार एकत्र कोंबले जातात आणि दोघांनाही लोहच दिलं जातं. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पुष्कळ बायकांत लोहही कमी असतं आणि बी ट्वेल्वही. बारक्या आणि मोठ्या पेशींची सरासरी निघते नव्वद, आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा पॅथॉलॉजिस्टच खरं सांगू शकतो. पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला नेहमीपेक्षा जास्त, पाच-सहा खंड दिसले की त्याला संशय येतो.

पेरांवरच्या काळेपणाची खूण भारतातल्याच डॉक्टरांनी जगासमोर ठेवली. तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली त्यावर लिहिलं. गोऱ्या कातडीच्या रुग्णांवर बेतलेल्या पुस्तकांत फिकट, लिंबासारख्या पिवळट रंगाचं वर्णन असायचं. सावळ्या माणसांत आजार कसा दिसतो हे सावळ्या माणसांत राहणाऱ्या डॉक्टरांनीच पाहावं लागलं.

या आजाराच्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो, आणि मराठी वाचकाला तो ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः गरीब आणि कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या स्त्रियांना, जीवघेणा पंडुरोग होत होता. त्यांच्या रक्तातल्या पेशी मोठ्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंची चौकशी सुरू होती आणि मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून विल्स त्या कामात आल्या. त्यांनी त्या बायकांचं रक्त तर तपासलंच, शिवाय ताटही तपासलं. जंतूंचा संशय त्यांनी एकेक करून बाजूला सारला, मग उंदरांना आणि माकडांना त्या बायकांच्या जेवणासारखं निकस अन्न दिलं. एका आजारी माकडाला यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं स्वस्त मार्माइट, दिल्यावर ते बरं झालं. मग ते बायकांना दिलं. त्याही बऱ्या झाल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. मार्माइटमधलं ते गुणकारी द्रव्य बराच काळ 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखलं गेलं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. आज प्रत्येक गरोदर बाईच्या हातात पडणाऱ्या गोळीची सुरुवात परळच्या त्या कामात आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत बोस्टनला दुसऱ्या बाजूनं शोध चालला होता. तिथल्या 'पर्निशस अनिमिया' नावाच्या पंडुरोगानं माणसं हमखास मरत. १९२६ साली मायनो आणि मर्फी या डॉक्टरांनी ४५ रुग्णांना रोज सुमारे अर्धा पौंड जेमतेम शिजवलेलं काळीज खायला घालून बरं करून दाखवलं. कुत्र्यांवर आधीचं काम करणारे व्हिपल आणि हे दोघे, अशा तिघांना १९३४ साली नोबेल मिळालं. बोस्टनच्याच विल्यम कॅसलनं दाखवलं की या रुग्णांच्या आहारात उणीव नसते, उणीव असते जठराच्या रसात. काळजातला तो पदार्थ मात्र १९४८ पर्यंत हाती लागला नाही. त्या वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी त्याचे स्फटिक मिळाले. ते लाल होते. रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा अणू आणि त्याभोवती कडं, अशी त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी उलगडली. १९६४ च्या त्यांच्या नोबेलमागे हेही काम होतं. इंजेक्शनाचा लाल रंग आला तो या रचनेतून. रक्ताशी त्या रंगाचा संबंध नाही.

फॉलिक अ‍ॅसिड आणि बी ट्वेल्व ही दोन द्रव्यं रक्तापुरती एकमेकांना सांभाळून घेतात, आणि घोळ तिथेच होतो. १९४५ नंतर कृत्रिम फॉलिक अ‍ॅसिड मुबलक मिळू लागल्यावर काही डॉक्टरांनी ते पर्निशस अनिमियाच्या रुग्णांना दिलं. रक्त सुधारलं, गालांवर रंग आला, आणि मज्जातंतू मात्र झिजतच राहिले. काहींचे तर झपाट्यानं. कारण पेशी विभागण्याचं काम भरपूर फॉलिक अ‍ॅसिडनं कसंबसं निभावतं. मज्जातंतूंच्या आवरणासाठी मात्र बी ट्वेल्वच लागतं, तिथे बदली चालत नाही. म्हणून बी ट्वेल्व पाहिल्याशिवाय नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊन मोठ्या पेशींचा पंडुरोग बरा करायला जाऊ नये, हा धडा पाऊणशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

बी ट्वेल्वचा अन्नापासून रक्तापर्यंतचा प्रवासही विलक्षण लांबचा. अन्नातल्या प्रथिनांना ते घट्ट चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याला सोडवतात. लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला उचलतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा रस त्याला त्या प्रथिनापासून सोडवतो, आणि मग जठरातच तयार झालेला इंट्रिन्सिक फॅक्टर त्याचा ताबा घेतो. ही जोडी सगळं लहान आतडं पार करून त्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जाते आणि तिथल्या ठराविक जागी आत घेतली जाते. आषाढीचा निरोप दिंडीदिंडीनं हातोहात पंढरीला पोचावा तसा हा प्रवास, मधला एक हात सुटला तरी निरोप पोचत नाही. वयानं जठराचं आम्ल कमी झालं, अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेतली, वजनासाठी जठराची शस्त्रक्रिया झाली, आतड्याच्या शेवटच्या भागाला क्षयरोगानं धरलं, शरीरानंच इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, यातलं काहीही झालं तरी ताटात मांसमासे असूनही माणूस बी ट्वेल्वला पारखा होतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही आतड्याच्या त्याच टप्प्यावर आड येते. ती फार चांगली गोळी आहे, बंद करू नये. पण चार-पाच वर्षं ती घेणाऱ्या माणसाच्या पायांना मुंग्या आल्या की 'शुगरमुळे होणारच' असं म्हणून हात झटकणं योग्य नाही. मधुमेहाच्या मुंग्या आणि बी ट्वेल्वच्या मुंग्या एकाच पायात असू शकतात, आणि त्यातल्या दुसऱ्या बऱ्या होऊ शकतात.

शरीरात, मुख्यतः यकृतात, साठा असतो दोन ते पाच मिलिग्रॅम. म्हणून आहार बदलला तरी कमतरता उघड व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि कधी सुरू झालं ते कुणालाच सांगता येत नाही. ज्याचा साठा जन्मतःच तुटपुंजा, त्याला मात्र एवढीही सवड नसते.

इथे पुण्याचं काम समोर ठेवायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या तरुण स्त्रियांची, मग त्यांच्या गरोदरपणाची, मग त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, हातापायांनी किरकोळ, पण अंगात चरबीचं प्रमाण मात्र जास्त. या नोंदींतूनच हिंदुस्थानी बाळाची 'बारीक तरी चरबीयुक्त' ही ओळख जगाला झाली. त्या आयांच्या रक्तात फोलेट बहुतेक ठीक होतं, आणि निम्म्याहून अधिक जणींत बी ट्वेल्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा दिसलं, की ज्यांच्या आईचं गरोदरपणी बी ट्वेल्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांत इन्शुलिनला सर्वाधिक विरोध होता. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. असं निरीक्षण म्हणजे कार्यकारणाचा शेवटचा पुरावा नव्हे, हे खरं. पण मधुमेहाची पायाभरणी आईच्या पोटातच होत असेल, हा विचार त्यानंतर कुणाला बाजूला सारता आलेला नाही.

याच गटानं २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी मांडली. काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. एकंदर ६७ टक्क्यांमध्ये बी ट्वेल्व कमी. आणि सर्वाधिक कमतरता कुणात? शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. शाकाहाऱ्यांना धोका साडेचार पटींच्या जवळ. पण शाकाहार बाजूला ठेवूनही शहरी मध्यमवर्गीय असणं हे स्वतंत्र कारण म्हणून उरलंच. पोट भरलेलं, फ्रीज भरलेला, विमा काढलेला, आणि बी ट्वेल्व नाही.

अशा वेळी घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, आमच्या वेळी कुठे होतं हे बी ट्वेल्व? होतं. मोजलं जात नव्हतं. वेल्लोरच्याच जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी १९६२ साली लॅन्सेटमध्ये अंगावर पिणाऱ्या तान्ह्या मुलांचा एक आजार मांडला. बाळ दिसायला पुष्कळदा गुटगुटीत. पण सहा-आठ महिन्यांचं झालं की ते मंदावत जातं. ओळखीचं हसू बंद होतं, मान धरत होतं ते सोडून देतं, बसत होतं ते लवंडतं. कातडी हातापायांवर काळवंडते, केस विरळ आणि भुरे होतात, रक्त उतरतं, आणि मग हात, डोकं, जीभ थरथरायला लागते. आई पूर्ण शाकाहारी, गरीब, दूध घरात चहापुरतं. तिच्या रक्तात बी ट्वेल्व नाही म्हणून तिच्या दुधात नाही, आणि बाळाच्या तोंडी वरचं काही नाही. बालरोगतज्ज्ञ आजही असं बाळ पाहतात. गावात तोवर दृष्ट काढून झालेली असते, अंगारा लावून झालेला असतो. योग्य मात्रेत बी ट्वेल्व दिलं की काही दिवसांतच बाळ मान वळवून आईकडे पाहायला लागतं. थरथर कधी कधी सुरुवातीला थोडी वाढते, मग ओसरते. रक्त भरून येतं. पण उशीर झाला असेल तर बुद्धीच्या वाढीतली तूट मागे राहू शकते. या लेखातली एकच गोष्ट कुणाच्या लक्षात राहणार असेल तर ही राहावी: अंगावर पिणारं बाळ मिळवलेलं गमावू लागलं, हसणं-बसणं सोडू लागलं, तर एक दिवसही न घालवता बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि आईचंही बी ट्वेल्व तपासायला सांगा.

आता ताटाकडे. बी ट्वेल्व बनवतात ते फक्त काही सूक्ष्मजंतू. वनस्पती ते बनवत नाहीत. पालेभाजी, कडधान्य, नाचणी, बदाम, खजूर, गूळ, बीट यांचे गुण अनेक, पण बी ट्वेल्व त्यांत नाही. आंबवलेलं पीठ, इडली, आंबील यांवर भरवसा ठेवावा एवढं त्यांत नसतं. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे सापडतं ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी असलेलं मिळतंजुळतं द्रव्य असतं. उरतं ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण. सर्वाधिक काळजात आणि शिंपल्यांत. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या घरी तिसऱ्यांची आमटी होते, त्या घराला या बाबतीत एका जेवणात कित्येक दिवसांचं मिळतं. सुकट, जवळा, सुके बोंबील हेही स्वस्त आणि चांगले. मोठ्या पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, अंड्यात अर्धा. म्हणजे शाकाहारी माणसानं रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही घेतलं तर गरज जवळपास भागते. पण आपल्या किती घरांत मोठी माणसं दूध पितात? दुभत्या म्हशीच्या घरातही दूध डेअरीला जातं. उरलेल्या दुधाचा पहिला वाटा मुलाचा, मग म्हाताऱ्यांचा, आणि सुनेच्या वाट्याला चहातले दोन चमचे. मांसाहारी म्हणवणारी घरंही फार वेगळी नाहीत. रविवारी रस्सा होतो, फोडी पुरुषांच्या ताटात पडतात, श्रावण आणि वारांचे उपास वेगळे. शाकाहारी राहावं की मांसाहारी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि आवडीचा प्रश्न आहे, त्यात मला पडायचं नाही. ज्यांना दूधही नको असतं त्यांनी मात्र आयुष्यभर गोळी घ्यायलाच हवी. त्याला पर्याय नाही.

उपचाराबद्दल लोकांच्या मनात दोन टोकं आहेत. एक, सुईशिवाय गुण येत नाही. दोन, चार सुया झाल्या म्हणजे काम झालं. आतड्याच्या शेवटच्या टप्प्यावरून एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं, हे खरं. पण त्याखेरीज घेतलेल्या मात्रेच्या सुमारे एक टक्का नुसतंच झिरपूनही आत शिरतं, त्याला कुठलाच सोबती लागत नाही. म्हणून हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली की दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास रक्तात पोचतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या चौपट. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकापासून पर्निशस अनिमियासुद्धा गोळ्यांवर सांभाळला जातो. सुई लागते ती मज्जातंतूंना इजा झाली असेल, रक्त फार उतरलं असेल, उलट्या होत असतील किंवा बाळ आजारी असेल तेव्हा. अशा वेळी सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक, असा क्रम डॉक्टर ठरवतात. फार उतरलेलं रक्त भरू लागताना शरीरातलं पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून गंभीर रुग्णाला पहिले दिवस देखरेखीखालीच ठेवलेलं बरं. गोळीतलं बी ट्वेल्व सायनोकोबालामिन असो की मिथाइलकोबालामिन, नावांवरून भांडण्यात अर्थ नाही. नेमानं घेतलं की नेहमीच्या कमतरतेत दोन्ही काम करतात. मात्र दहा घटकांच्या रंगीत कॅप्सूलवर महिन्याला शेकडो रुपये घालवण्याआधी तिच्यात बी ट्वेल्व नेमकं किती आहे ते वाचून पाहावं.

गुण कसा येतो तेही आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे धीर सुटत नाही. दोन-तीन दिवसांत मरगळ जाते. आठवड्याभरात नव्या पेशी रक्तात उतरतात. हिमोग्लोबिन भरायला दीड-दोन महिने. मज्जातंतूंना सहा महिने ते वर्ष, आणि सुरुवातीला मुंग्या वाढल्यासारख्याही वाटतात. चालणं बिघडून वर्षं उलटली असतील तर सगळं परत येईलच असं नाही.

तपासणीचं एक पथ्य कळकळीनं सांगते. रक्त आधी द्या, सुई नंतर घ्या. सुई घेतल्यावर रक्तातला आकडा हजाराच्या वर जातो आणि आत काय होतं ते कायमचं झाकलं जातं. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता. २०० ते ३०० ही संशयाची पट्टी. तिथे लक्षणं असतील तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड पाहावं. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करावा लागतो, नाहीतर आकडा फुगतो. आणि पायांच्या मुंग्यांसाठी हिमोग्लोबिन उतरण्याची वाट पाहू नये. रक्त ठणठणीत असतानाही मज्जातंतू झिजत असतात.

हे झालं ज्यांना तपासणीचे पैसे परवडतात त्यांचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी सहसा होत नाही. तिथे मिळते ती लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, निदान १८० दिवस. शाळेतल्या किशोरींना आठवड्याला एक निळी गोळी. ही गोळी कुणीही बंद करू नये. गर्भाच्या मणक्यातलं व्यंग टाळायला गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड हवंच, हे १९९१ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीनं निःसंशय दाखवलं. माझी तक्रार त्या गोळीत जे नाही त्याबद्दल आहे. ज्या प्रांतात फोलेटपेक्षा बी ट्वेल्वची चणचण कितीतरी मोठी, तिथल्या मुलींना आपण पिढ्यान्‌पिढ्या फक्त फॉलिक अ‍ॅसिड देत आलो. पुण्याच्या त्याच खेड्यांत, आधीच्या अभ्यासातल्या मुलामुलींना तरुणपणी रोज अवघं दोन मायक्रोग्रॅम बी ट्वेल्व देऊन पुढे त्यांच्या बाळांची वाढ पाहण्याचा प्रयोग झाला. दोन वर्षांच्या बाळांच्या मेंदूच्या विकासात फायदा दिसल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. बाळांची संख्या थोडी होती, पण दिशा स्पष्ट आहे.

रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात बी ट्वेल्व घालायचं ठरलं, हे चांगलंच. पण हिशेब करून पाहू. किलोला पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. महिन्याला माणशी पाच किलो धान्य, ते सगळं तांदूळ धरलं तरी चार ते सहा मायक्रोग्रॅम. महिन्याची गरज सत्तरच्या घरात. आणि शाळेतलं अंडं? महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि गावानं वर्गणी काढून द्यावं असं सांगितलं. ज्या मुलांच्या घरी आठवडाभर अंडं दिसत नाही, त्यांच्या पालकांना वर्गणी मागायची, हा निर्णय चुकीचाच होता. तो फिरवायला हवा, आणि किशोरींच्या निळ्या गोळीत दोन मायक्रोग्रॅम बी ट्वेल्व मिसळायला हवं. एवढ्या मात्रेला येणारा खर्च कोणत्याही सरकारला जड जाणारा नाही.

तोवर आपल्या हाती आहे ते करावं. घरात कुणी चार-पाच वर्षं मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असेल, कुणी साठी ओलांडलेलं असेल, कुणी दूध-अंडं न घेणारं शाकाहारी असेल, कुणाला दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर पुढच्याच तपासणीत डॉक्टरांना बी ट्वेल्वबद्दल विचारा, आणि जुन्या सीबीसीच्या कागदावरची एमसीव्हीची ओळ आजच काढून वाचा.